आपला फोटो कोणता? छंद म्हणून फोटो काढणाऱ्यांसाठी विषय शोधण्याची रीत

माझ्याकडे ७०-३०० मिलीमीटरची एक झूम लेन्स आहे. ती मी पक्ष्यांसाठी घेतली होती. पतसंस्थेतली नोकरी सांभाळून आठ महिने दर रविवारी पहाटे कोल्हापूरच्या कळंबा तलावावर जात होते. फोटो वाईट येत नव्हते, पण घरी आल्यावर ते कॉम्प्युटरवर उतरवून बघायची ओढ वाटत नव्हती. त्याच आठ महिन्यांत फोनवर मात्र रोज काही ना काही टिपत होते. गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर, चहाच्या गाडीपाशी, घराच्या गच्चीवर. ते फोटो मी मोजतच नव्हते. कुणी विचारलं तर "ते होय, ते असंच" म्हणायचे.

छंदाचा धागा त्या 'असंच' काढलेल्या फोटोंत होता, हे कळायला मला दोन वर्षं लागली. फोटोग्राफी आवडते, कॅमेराही आहे, पण नेमकं कशाचे फोटो काढावेत तेच कळत नाही, असं सांगणारे अनेक जण भेटतात. त्यांच्यासाठी ही रीत लिहिते आहे. पहिल्या तीन-चार महिन्यांत नवीन काहीही विकत घ्यावं लागत नाही. प्रिंटचा खर्च तेवढा होतो.

आधी जुनी गॅलरी उपसा

एखादा मोकळा शनिवार-रविवार काढा. फोनमधले गेल्या दोन वर्षांचे फोटो समोर घ्या आणि आधी पुढच्या गोष्टी बाजूला करा: स्क्रीनशॉट, बिलं, औषधांच्या चिठ्ठ्या, आलेले फॉरवर्ड, वाढदिवसाचे आणि बारशाचे गटाने उभे राहून काढलेले फोटो, कुणी "माझा एक काढ की" म्हणून काढायला लावलेले फोटो. प्रेक्षणीय स्थळी सगळेच जिथे उभे राहतात तिथून काढलेलेही बाजूला ठेवा.

जे उरतं ते कुणी न सांगता काढलेलं असतं. रस्त्यात थांबून, भाजीची पिशवी दुसऱ्या हातात घेऊन काढलेलं. आपल्याला तेच हवं आहे.

यातून साठ फोटो निवडा. एका फोटोवर दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त रेंगाळू नका. "हा चांगला आहे का?" हा प्रश्न आज विचारायचा नाही. "याच्यापाशी मी पुन्हा थांबेन का?" एवढंच बघा. हलला असेल, वाकडा असेल, अंधारा असेल, तरी चालेल.

मग या साठांची चार बाय सहा इंचांची प्रिंट काढा. जवळच्या लॅबमध्ये हे काम तासाभरात होतं. या आकारासाठी १८०० बाय १२०० पिक्सेल पुरतात, त्यामुळे कुठल्याही साध्या फोनचा फोटो त्यात नीट बसतो. प्रिंट टाळून स्क्रीनवरच बघू, असं वाटेल. तसं करू नका. स्क्रीनवर एका वेळी एकच फोटो दिसतो आणि मन लगेच त्याला मार्क द्यायला लागतं. सगळे साठ सतरंजीवर पसरले की त्यांच्यातली नाती दिसायला लागतात.

गठ्ठे लावताना नावांवर जाऊ नका

पहिल्यांदा गठ्ठे लावताना प्रत्येक जण वस्तूंवरून लावतो: झाडांचे इकडे, रस्त्यांचे तिकडे, माणसांचे वेगळे. ते करून झालं की सगळे मोडा आणि दुसऱ्यांदा लावा. या वेळी प्रत्येक फोटोला हे विचारा:

उजेड कुठून येतोय: माझ्या पाठीमागून, बाजूने की समोरून?
मी किती अंतरावर उभी होते? हाताच्या अंतरावर, अंगणाच्या अंतरावर की रस्त्यापलीकडे?
माणसं आहेत का? असली तर चेहऱ्याने आहेत की पाठमोरी?
किती वाजले असतील?
काहीतरी घडायच्या आधीचा क्षण आहे, घडतानाचा की घडून गेल्यानंतरचा?

नंतर घरातल्या किंवा ओळखीच्या एका माणसाला बोलवा आणि काहीही न सांगता त्याला त्याच्या पद्धतीने गठ्ठे लावायला द्या. माझ्या भाचीने लावले होते. तिने अठ्ठावन्न फोटोंतले एकोणीस एका बाजूला ठेवले आणि म्हणाली, "मावशी, हे सगळे धुराचे."

सगळे धुराचे नव्हते, पण तिला दिसलं ते खरं होतं. हिवाळ्यात धारोष्ण दुधावरून उठणारी वाफ, चहाची किटली, न्हाणीघरातला तांब्याचा बंब, पन्हाळ्यावरचं पावसाळी धुकं, गल्लीच्या टोकाला पेटवलेला पालापाचोळा. आणि जवळपास सगळ्यांत उजेड समोरून येत होता. उजेड ज्यातून जाताना डोळ्यांना दिसतो, अशी प्रत्येक गोष्ट मला थांबवत होती. कळंब्याच्या पक्ष्यांवर सूर्य पाठीशी घेऊन काढलेला स्वच्छ उजेडातला फोटो मला का कंटाळवाणा वाटायचा, ते त्या सतरंजीवर कळलं.

तुमचं उत्तर वेगळं येईल. आमच्या ओळखीच्या एका काकूंच्या गठ्ठ्यात लग्नाच्या पंगतीच पंगती निघाल्या, त्याही वाढणाऱ्यांच्या बाजूने. नवरा-नवरीचा एकही फोटो त्यांनी स्वतःहून काढला नव्हता. एका शिक्षकांच्या फोटोंत दुकानांच्या हाताने रंगवलेल्या पाट्या सापडल्या. फ्लेक्स आल्यापासून त्या झपाट्याने कमी होत आहेत, त्यामुळे त्यांच्या छंदाला आता कळकळही जोडली गेली आहे. दोघांच्याही विषयाला फोटोग्राफीच्या पुस्तकातल्या कुठल्याही प्रकाराचं नाव देता येत नाही. लँडस्केप, पोर्ट्रेट, मॅक्रो, वन्यजीव ही नावं दुकानांना आणि स्पर्धांना लागतात. सुरुवातीला त्यांतलं एक निवडून त्यात स्वतःला बसवायला गेलं की माझ्यासारखे आठ महिने जातात.

गठ्ठा स्पष्ट झाला नाही तर? होतं तसंही. मग सगळ्यांत मोठे दोन गठ्ठे घ्या आणि दोन्हींना पुढच्या टप्प्यात न्या. तिथे निकाल लागतो.

बारा आठवडे, एक जागा, छत्तीस फोटो

गठ्ठ्यातून अंदाज मिळतो. तो खरा आहे का, हे बघायला एक जागा निवडा. ती घरापासून पंधरा-वीस मिनिटांत पोचण्यासारखी हवी. लांबची जागा सुट्टीची वाट बघायला लावते आणि सुट्टी मिळाली की पाहुणे येतात. मंडई, नदीचा घाट, एसटी स्टँड, कुंभारवाडा, स्वतःची गल्ली, सोसायटीचा जिना, काहीही चालेल. आठवड्यातून एकदा, बारा आठवडे, तिथेच जायचं.

नियम तीन आहेत. पहिला, झूम करायचं नाही. फोन असेल तर मुख्य कॅमेराच वापरा. दोन बोटांनी चित्र मोठं करता तेव्हा बहुतेक फोनवर ते फक्त कातरलं जातं. कॅमेरा असेल तर त्याच्याबरोबर येणारी १८-५५ मिलीमीटरची किट लेन्स ३५वर ठेवा आणि चिकटपट्टी लावून टाका. मग जवळचा फोटो हवा असेल तर पायांनी जवळ जावं लागतं, आणि आपल्याला किती जवळ जायला आवडतं तेही कळतं. काहींना चार फुटांच्या आत शिरल्याशिवाय चैन पडत नाही. काही जण अंगणापलीकडूनच बघतात, आणि तेही त्यांचं खरं अंतर असतं.

दुसरा नियम, एका फेरीत छत्तीसच फोटो. फिल्मच्या रोलमध्ये तेवढे असायचे. छत्तीस संपले की घरी. शेवटचे दहा उरतात तेव्हा आपण खरं बघायला लागतो, हा माझा दर वेळचा अनुभव आहे. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी सुरू झाली. भाऊ दाजी लाडांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्यात होते. डॉक्टरकी सांभाळून ते फोटोग्राफी करत. त्या काळात काचेवर रसायन चढवायचं आणि ती ओली असेपर्यंतच फोटो घेऊन धुवायची, अशी पद्धत होती. एका चित्रामागे एवढा खटाटोप असेल तर माणूस आधी डोळ्यांनी किती बघत असेल! नोकरी-व्यवसाय करून फोटो काढणाऱ्या आपल्या माणसांची परंपरा इतकी जुनी आहे, याचा मला फार आनंद वाटतो.

तिसरा नियम वहीचा. घरी आल्यावर तीन ओळी लिहा: किती वाजता गेले, उजेड कुठून होता, कुठल्या ठिकाणाहून पाय निघत नव्हता. तिसरी ओळ सगळ्यांत महत्त्वाची. बारा आठवड्यांनी वही उघडाल तेव्हा त्या ओळी एकाखाली एक वाचा. चांगला फोटो कुठे मिळाला आणि पाय कुठे अडकला, ही दोन ठिकाणं पुष्कळदा वेगळी निघतात. छंद पाय अडकला तिथे असतो.

बारा फेऱ्यांत वेळा बदला. सूर्योदयाला, टळटळीत दुपारी, दिवेलागणीला आणि रात्रीही जा. दुपारचा उजेड वाईट असतो असं सरसकट सांगितलं जातं, ते मला पटत नाही. पाट्यांचे फोटो काढणाऱ्या आमच्या गुरुजींना दुपारी बाराचाच उजेड लागतो, कारण रंगाऱ्याच्या ब्रशचे फटकारे त्या तिरप्या सावलीत उठून दिसतात.

उजेड वर्षभर सरकत असतो, हे आम्हा कोल्हापूरकरांना वेगळं शिकवावं लागत नाही. अंबाबाईच्या देवळातला किरणोत्सव ९, १०, ११ नोव्हेंबरला आणि पुन्हा ३१ जानेवारी, १, २ फेब्रुवारीला होतो. मावळतीची किरणं महाद्वारातून येऊन पहिल्या दिवशी चरणांपर्यंत, दुसऱ्या दिवशी मध्यापर्यंत आणि तिसऱ्या दिवशी मुखापर्यंत पोचतात. वर्षातून दोनदा, कारण २१-२२ डिसेंबरपर्यंत सूर्य मावळताना दक्षिणेकडे सरकत जातो आणि मग त्याच वाटेने परत येतो; म्हणून नोव्हेंबरात जिथे मावळला तिथेच तो जवळपास तितक्याच दिवसांनी पुन्हा मावळतो. तुमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीचाही असा किरणोत्सव असतो. कुठल्या महिन्यात किती वाजता ऊन फळीवरच्या डब्यांपर्यंत येतं, ते वहीत टिपून ठेवा. पुढच्या वर्षी तुम्ही तयारीत असाल.

तंत्र शिका, पण विषयाच्या गरजेपुरतं

बहुतेक शिकवण्या अॅपर्चर (लेन्सचं भोक किती उघडं), शटर (उजेड किती वेळ आत येतो), आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील) या त्रिकोणापासून सुरू होतात आणि शिकणारा तिथेच दमतो. मी उलट सांगेन: तुमचा विषय जिथे अडवतो तिथलं तंत्र आधी शिका.

वाफेचे फोटो काढताना मला अडवलं ते एक्स्पोजरने, म्हणजे फोटोत किती उजेड घ्यायचा याने. कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर समोरचं दृश्य काहीही असो, ते मधल्या करड्या रंगाचं आहे असं धरून चालतो. गुऱ्हाळातल्या अंधाऱ्या छपराखाली तो म्हणतो, "फार काळं आहे, उजळूया", आणि वाफेचा नुसता पांढरा डाग होतो. पन्हाळ्याच्या धुक्यात तो म्हणतो, "फार पांढरं आहे, दाबूया", आणि धुकं मळकं करडं दिसतं. उपाय सोपा आहे. कॅमेऱ्यावर अधिक-उण्याचं चिन्ह असलेलं एक बटण असतं. दृश्यात काळं जास्त असेल तर उणे, पांढरं जास्त असेल तर अधिक. मी गुऱ्हाळात उणे एक ते उणे दीड ठेवते आणि धुक्यात अधिक एक. फोनवर हेच करायचं तर चित्रातल्या सगळ्यांत उजळ भागावर बोट दाबून ठेवा, एक्स्पोजर कुलूपबंद झालं की शेजारची सूर्याची खूण खाली-वर सरकवा. एवढ्या एका गोष्टीने माझे निम्मे फोटो सुधारले.

वाफ कुठून दिसते, हेही एकदा बघून ठेवा. मागून किंवा बाजूने उजेड आणि पाठीमागे गडद भिंत असेल तरच ती उठून दिसते. पांढऱ्या भिंतीसमोरची वाफ डोळ्यांना कशीबशी दिसते, फोटोत तर गायबच होते. म्हणून मी आत शिरल्यावर आधी काळोख कुठे आहे ते शोधते.

मग शटर. हातात धरून फोटो काढताना शटरचा वेग लेन्सच्या लांबीच्या उलट आकड्याहून कमी नको, हा जुना नियम अजून कामाचा आहे: ५० मिलीमीटरला १/५० सेकंद, छोट्या सेन्सरचा कॅमेरा असेल तर १/८० धरा. हलत्या माणसाला १/२५०, पळणाऱ्या मुलांना १/५०० किंवा जास्त, उडत्या पक्ष्याला १/१०००च्या वर. वाफेची वेटोळी १/२५०ला स्पष्ट येतात. १/१५ला ती कापसासारखी मऊ होतात, मात्र शेजारी काम करणारा हातही पुसला जातो. कधी तेही छान दिसतं.

अंधारात शटर वाढवायचं तर आयएसओ वाढवावा लागतो, आणि फोटोत दाणे येतात. त्याला घाबरू नका. ३२०० आयएसओचा फोटो चार बाय सहाच्या प्रिंटवर स्वच्छ दिसतो. हललेला फोटो मात्र कुठल्याही आकारात हललेलाच राहतो.

रंगाबद्दल एकच सांगते. कॅमेरा व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा तोल, आपोआप लावतो तेव्हा चुलीचा तांबडेपणा त्याला दोष वाटतो आणि तो पुसायला जातो. चूल, समई, दिवाळीच्या पणत्या काढताना व्हाइट बॅलन्स उन्हाच्या खुणेवर ठेवा. ऊब तशीच राहील. रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) घेता येत असेल तर घ्या, कारण त्यात हा निर्णय घरी येऊनही बदलता येतो. रॉ फाइली उघडायला डार्कटेबल किंवा रॉथेरपी ही सॉफ्टवेअर फुकट मिळतात.

ज्यांचा गठ्ठा माणसांच्या चेहऱ्यांचा आहे त्यांनी आधी खिडकीच्या बाजूने येणारा उजेड आणि डोळ्यांवर फोकस ठेवणं शिकावं. इमारती आणि पाट्या आवडणाऱ्यांनी कॅमेरा सरळ धरणं शिकावं. वर वाकवला की भिंती मागे झुकतात. फुलं-किड्यांवाल्यांनी वाऱ्याची वेळ ओळखावी, पहाटे तो पडलेला असतो. बाकीचं गरज लागेल तसं येतं.

गुऱ्हाळातला धडा

आमच्या भागात दिवाळीच्या आसपास गुऱ्हाळं पेटतात ती वसंतापर्यंत चालतात. चरकातून रस निघतो, मोठ्या काहिलीत चढतो, खाली चुलवाणात वाळलेली चिपाडं जळत असतात. रस तापला की मळी वर येते, ती काढत राहायचं. सगळ्या छपरात वाफ कोंडलेली असते आणि पत्र्याच्या फटींतून उन्हाच्या पट्ट्या खाली येतात. माझ्यासाठी ही जगातली सगळ्यांत सुंदर जागा आहे.

पहिल्या दिवशी कॅमेरा पिशवीतून काढलाच नाही. तासभर बसले, रस प्याले, गप्पा मारल्या. दुसऱ्या फेरीला विचारून फोटो काढले. तिसऱ्या फेरीला त्यांतल्या सहा प्रिंट घेऊन गेले आणि गुळव्याच्या, म्हणजे गूळ करणाऱ्या कारागिराच्या हातात दिल्या. त्यांनी हात पुसून एकेक नीट पाहिली आणि माझी सगळ्यांत आवडती प्रिंट बाजूला ठेवली.

"ताई, ह्यात नुसता रस उकळतोय. ह्यो तर समद्यांनाच जमतोय. पाकाची गोळी बघायच्या येळंला या की."

मला माहीतच नव्हतं. पाक तयार होत आला की गुळव्या थोडा पाक पाण्यात टाकून बोटांनी त्याची गोळी होते का बघतो. त्या काही क्षणांवर सगळी काहील अवलंबून असते. तेव्हा छपराखाली सगळे गप्प होतात, जाळ घालणारासुद्धा मान वर करून गुळव्याकडे बघतो. मी इतके दिवस वाफेकडे बघत होते आणि त्या गप्प होण्याकडे माझं लक्षच गेलं नव्हतं. पुढच्या वेळी त्या क्षणाला हजर होते. तो फोटो आता माझ्या घरी भिंतीवर आहे आणि त्यांच्याही.

म्हणून या टप्प्यावर माझा आग्रह असा: कॅमेऱ्याविषयी जितकं वाचाल त्याच्या दुप्पट तुमच्या विषयाविषयी विचारा. पंगत आवडत असेल तर वाढपी कुठल्या क्रमाने वाढतात, मीठ-लिंबू कधी, भात कधी, ते समजून घ्या. पाट्या आवडत असतील तर जुन्या रंगाऱ्याशी बोला, अक्षर आधी खडूने कसं आखतात ते विचारा. त्यांना जे महत्त्वाचं वाटतं ते कळलं की कुठे उभं राहायचं ते आपोआप सुचतं.

परवानगी तोंडी घ्या, पण घ्याच. घाटावर कपडे धुणाऱ्या बायका, दवाखान्याबाहेर बसलेली माणसं, कुणाचीही लहान मुलं यांचा फोटो विचारल्याशिवाय काढू नका आणि "नको" म्हटलं तर वाद घालू नका. काढला असेल तर त्यांच्यासमोर पुसा. ज्यांचे फोटो काढता त्यांना प्रिंट द्या. नुसता फोनवर पाठवलेला फोटो चार दिवसांत हरवतो. लष्करी हद्दीत फोटो काढायचे नाहीत, आणि पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित वास्तूत तिपाई लावायची तर आधी परवानगी लागते. पक्ष्याच्या घरट्याजवळ जाऊ नका. आपल्या येण्याजाण्याने आईबाप घरटं सोडून जाऊ शकतात. काहीलच काय, कुठल्याही आगीच्या किंवा यंत्राच्या जागी कॅमेऱ्यात डोळा घालून मागे पाऊल टाकू नका. आधी कॅमेरा खाली, मग पाऊल.

निवड

प्रत्येक फेरीच्या छत्तिसांतून तीन ठेवा. त्याच संध्याकाळी निवडू नका, कारण काढतानाची मजा अजून डोळ्यांत असते. आठवडा जाऊ द्या. महिन्याच्या शेवटी असे बारा होतात, त्यांची प्रिंट काढा. तीन महिन्यांनी छत्तीस प्रिंट हातात येतात. त्या पुन्हा सतरंजीवर मांडा.

आता हे बघा: पहिल्या महिन्यातला कुठला फोटो तिसऱ्या महिन्यातही टिकला आहे? दोन फोटो एकच गोष्ट सांगत असतील तर एक काढा. काढवत नाही तेव्हा तो फोटो फोटो म्हणून आवडतो की तो दिवस आवडतो, हे स्वतःला विचारा. मला माझ्या आजीच्या बंबाचा एक फोटो काढून टाकायला वर्ष लागलं. तो आता घरच्या अल्बममध्ये आहे, तिथे तो शोभतो.

दाखवायला एकच माणूस ठरवा आणि त्याला "कसे आहेत?" विचारू नका. "यातले कोणते तीन काढून टाकशील?" असं विचारा. समोरच्याला खरं बोलायची सोय होते. समाजमाध्यमांवर टाकणं या तीन महिन्यांपुरतं लांबवा. कशाला जास्त पसंती मिळते ते एकदा कळलं की पाय आपोआप तिकडे वळतात आणि वहीतली ती तिसरी ओळ पुसट होते.

छत्तिसांत एक धागा दिसला की विषय सापडला असं समजा, आणि मग त्यालाच धरून राहा. मुंबईच्या सफाई कामगारांच्या जगण्याचं छायाचित्रण करणारे सुधारक ओलवे वर्षानुवर्षं त्याच माणसांकडे परत गेले. आपण हौशी आहोत, आपल्याला तेवढं देता येणार नाही. पण एका गल्लीकडे, एका पंगतीकडे, एका गुऱ्हाळाकडे चार हंगाम परत जाणं आपल्यालाही जमतं.

खरेदीची वेळ आता

आता कुठे खर्चाचा विचार करा, कारण आता तुमच्याकडे पुरावा आहे. प्रत्येक फोटोच्या तपशिलात लेन्सची लांबी, शटर, आयएसओ नोंदलेले असतात. शेवटच्या निवडलेल्या फोटोंचे आकडे कागदावर लिहा. आयएसओ सतत वर जात असेल तर जास्त उजेड घेणारी लेन्स हवी: एफ १.८ची ३५ किंवा ५० मिलीमीटर ही त्यातली सगळ्यांत परवडणारी. ३५वर दृश्य मावत नसेल आणि सारखे मागे भिंतीला टेकत असाल तर रुंद लेन्स. फोनवर काहीच अडत नसेल तर कॅमेरा घेऊच नका. त्या पैशांत पुष्कळ प्रिंट आणि एसटीचा प्रवास होतो.

जुना कॅमेरा घेताना शटर किती वेळा उडालं आहे तो आकडा विचारा. लेन्सच्या एका टोकाकडून टॉर्च मारून दुसऱ्या टोकाने बघा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर ती बुरशी आहे, ती लेन्स परत द्या. धूळ थोडी असली तर फोटोत दिसत नाही.

मरगळ आणि पाऊस

सहाव्या-सातव्या महिन्यात कधीतरी सगळं तेच ते वाटायला लागतं. अशा वेळी जागा बदलू नका, वेळ बदला. नेहमी सकाळी जात असाल तर रात्री जा. तरीही नको वाटलं तर दोन महिने सोडून द्या. मी प्रत्येक पावसाळ्यात सोडते, कारण गुऱ्हाळं बंद असतात.

त्या दिवसांत सामान मात्र सांभाळा. हवेतली आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली की लेन्समध्ये बुरशी धरते, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर ती वरच असते. घट्ट झाकणाचा मोठा प्लास्टिकचा डबा, त्यात सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारा छोटा काटा ठेवा. काटा ४० ते ५०च्या मध्ये राहिला पाहिजे. निळं जेल गुलाबी झालं की त्याचं काम संपलं. तापवून ते पुन्हा वापरता येतं, पण त्यातला निळा रंग विषारी असतो म्हणून स्वयंपाकाच्या भांड्यात तापवू नका. कॅमेरा चामड्याच्या किंवा कापडी पिशवीत महिनोन्‌महिने ठेवू नका, ती ओल धरून ठेवते. आठवड्यातून एकदा बाहेर काढून दहा-वीस फोटो काढा, खिडकीतल्या पावसाचे का असेनात.

याच महिन्यांत फाइली लावून घ्या. फोल्डरचं नाव वर्ष, महिना, दिवस, जागा या क्रमाने ठेवलं की ते आपोआप ओळीत लागतात. दोन प्रती वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा, त्यातली एक दुसऱ्या घरी. माझी एक डिस्क भाचीकडे असते. प्रिंटच्या मागे पेन्सिलीने तारीख आणि माणसांची नावं लिहा. शाई पुढच्या प्रिंटला लागते. मागच्या श्रावणात मी हे करत बसले होते तेव्हा नावं लिहिताना तीन जणांची नावं मला ठाऊकच नाहीत असं लक्षात आलं. त्या तीन प्रिंट वेगळ्या पाकिटात ठेवल्या आहेत. दिवाळीनंतर गुऱ्हाळ पेटलं की पहिल्याच फेरीला ते पाकीट बरोबर न्यायचं आहे.